कोणते क्षितिज खरे? उड्डाणानंतर लगेच होणारे बिघाड आणि कॉकपिटमधली माणसे

सागरतीर (धागाकर्ता)

१ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ विमान धावपट्टी सोडल्यापासून १०१ सेकंदांत, वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे ३ किलोमीटर अंतरावर समुद्रात कोसळले. विमानात २१३ माणसे होती आणि त्यांतले कोणीही वाचले नाही. आमच्या घरी, वांद्र्याला, हा विषय निघाला की वडीलधारी मंडळी अजूनही ‘घातपात होता’ असेच म्हणतात. सुरुवातीला तसा संशय होताच, पण समुद्रातून काढलेल्या अवशेषांत स्फोटाची किंवा आगीची खूण सापडली नाही, आणि तपासात तो संशय टिकला नाही.

तपासातून पुढे आलेली हकिगत घातपातापेक्षा अधिक अस्वस्थ करणारी आहे. विमानाने किनारा ओलांडून ठरल्याप्रमाणे उजवीकडे वळण घेतले आणि ते पुन्हा सरळ झाले. कॅप्टनसमोरचे कृत्रिम क्षितिज दाखवणारे यंत्र मात्र सरळ झाले नाही. विमान अजून उजवीकडेच कललेले आहे, असे ते दाखवत राहिले. आपल्या यंत्रांना काय झाले, असे कॅप्टन उद्गारले. सहवैमानिकाने आपलेही यंत्र कोलमडले आहे असे सांगितले. वास्तविक त्याचे यंत्र बहुधा ठीक असावे आणि विमानाचा डावीकडचा खरा कल दाखवत असावे. उजवा कल घालवायचा म्हणून कॅप्टन विमान डावीकडे नेत राहिले आणि तो कल वाढत वाढत १०८ अंशांपर्यंत गेला, म्हणजे विमान एका कुशीवर पूर्ण आडवे होऊन त्याच्याही पलीकडे गेले. समुद्रावर आदळण्याच्या सुमारे पाच सेकंद आधी फ्लाइट इंजिनिअरने (कॉकपिटमधला तिसरा माणूस, यंत्रणांवर लक्ष ठेवणारा) ‘त्याच्यावर जाऊ नका’ अशा अर्थाचे शब्द दोनदा उच्चारले. त्यानंतर करण्यासारखे काही उरले नव्हते.

चारही इंजिने चालू होती, पंख शाबूत होते, सुकाणू हुकमात होते. बिघाड होता तो एका तबकडीत. म्हणून हा धागा. विमान जमिनीजवळ असताना, वेग कमी आणि वजन जास्त असताना काही बिघडले, तर कॉकपिटमधली माणसे नेमके काय करतात, कोणत्या क्रमाने करतात आणि तो क्रम कुठे मोडतो, यावर जाणकारांनी लिहावे. अहमदाबादच्या जून २०२५ मधील अपघातावर इतरत्र भरपूर वाद चालू आहेत. तो विषय इथे आणू नये, ही विनंती.

नवखा_वाचक

एक भाबडा प्रश्न विचारतो. विमान जवळजवळ उलटे होत असताना आत बसलेल्या माणसाला ते कळत कसे नाही? आपण बसमध्ये बसलो तरी वळण कोणत्या बाजूला आहे हे डोळे मिटूनही सांगू शकतो.

पाना_पक्कड

प्रश्न भाबडा नाही. मी विमानदेखभालीत आयुष्य घालवले आहे आणि हाच प्रश्न मला प्रशिक्षणात पडला होता.

बसमध्ये वळण झटकन सुरू होते, म्हणून ते जाणवते. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकृती नलिकांना वळण्यातला बदल कळतो, वळलेली स्थिती कळत नाही. कल सेकंदाला सुमारे दोन अंशांपेक्षा कमी वेगाने वाढत गेला, तर त्या नलिका काहीही कळवत नाहीत. त्यात विमान वळताना बसणारा दाब आसनाकडेच ढकलतो, त्यामुळे ‘आपण सरळ बसलो आहोत’ हीच भावना टिकते. दिवसा खिडकीतून खरे क्षितिज दिसते आणि सगळे भ्रम फिटतात. १ जानेवारीच्या त्या रात्री विमानाचे नाक अरबी समुद्राकडे होते. मागे मुंबईचे दिवे, पुढे नुसता काळोख. अशा वेळी ती तबकडी म्हणजेच क्षितिज.

म्हणूनच अशी यंत्रे तीन असतात : एक कॅप्टनसमोर, एक सहवैमानिकासमोर आणि तिसरे, लहान आकाराचे, राखीव. तिसऱ्याचा वीजपुरवठा आणि मूळ संदेश शक्यतो पहिल्या दोघांपासून वेगळे ठेवतात. दोन यंत्रांत भांडण लागले की तिसऱ्याचा कौल घ्यायचा, इतका साधा न्याय त्यामागे आहे. पण तो कौल घ्यायचा, तर ‘आपल्या दोघांच्या यंत्रांत फरक आहे’ हे आधी मोठ्याने म्हणावे लागते. ‘माझेही कोलमडले’ या वाक्यात तुलनाच नाही. माझे काय दाखवते आणि तुमचे काय दाखवते, हे दोघांपैकी कोणीच सांगितले नाही.

या अपघाताचा जुळा भाऊ शोभेल असा दुसरा अपघात २२ डिसेंबर १९९९ रोजी लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावर झाला. तेही ७४७ होते, कोरियन एअरचे मालवाहू; तीही रात्रच होती. आधीच्या, ताश्कंदहून आलेल्या फेरीतच कॅप्टनचे क्षितिज-यंत्र कलाच्या बाबतीत भरवशाचे नाही, अशी नोंद झाली होती. स्टॅनस्टेडला जमिनीवरच्या मंडळींनी जोडणीतली एक मागे सरकलेली पिन दुरुस्त केली आणि काम झाले असे मानले. खरा दोष त्या तबकडीला संदेश पुरवणाऱ्या यंत्रणेत होता, तो तसाच राहिला. नवे वैमानिक बसले, विमान उडाले, डावीकडे वळू लागले, आणि कॅप्टनची तबकडी मात्र कल शून्य दाखवत राहिली. सुमारे ५५ सेकंदांत सगळे संपले. विमानातले चौघेही गेले.

आमच्या धंद्यातल्या माणसाला त्यातली जमिनीवरची बाजू अधिक बोचते. दोष सापडला आणि दोष बरा झाला, या दोन गोष्टी एक नव्हेत. सैल पिन सापडली की हात थांबतो, कारण सापडल्याचे समाधान मोठे असते.

उजवी_सीट

मी सध्या एअरबस ३२० वर सहवैमानिक आहे. पाना_पक्कड यांनी स्टॅनस्टेडचा एक तपशील सोडला, तो जोडतो, कारण माझ्या मते तोच या धाग्याचा गाभा आहे. त्या विमानात यंत्रांमधला फरक ओळखणारा इशारा वाजला होता. फ्लाइट इंजिनिअर ‘कल, कल’ असे पुनःपुन्हा बजावत होता. ज्याच्यासमोरची तबकडी बरोबर होती तो सहवैमानिक मात्र गप्प राहिला. म्हणजे मुंबईला तिसऱ्या माणसाचा आवाज उशिरा आला आणि स्टॅनस्टेडला तो वेळेवर येऊनही कोणी ऐकला नाही. आज आमच्या कॉकपिटमध्ये तिसरा माणूसच नाही. त्याची जागा यंत्राच्या आवाजाने घेतली आहे. कल मर्यादेबाहेर गेला की बहुतेक आधुनिक विमानांत ‘बँक अँगल’ असा इशारा ऐकू येतो.

आता धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाविषयी. उड्डाणानंतर घंटा वाजली तर आम्ही पहिली गोष्ट कोणती करतो? काहीही करत नाही. हे विनोदाने लिहिलेले नाही. चाके वर घेणे आणि घंटेचा आवाज बंद करणे, एवढे सोडले तर जमिनीपासून किमान ४०० फूट उंची येईपर्यंत बिघाडाला हात लावायचा नाही, असाच दंडक आहे. विमान उडवणारा वैमानिक फक्त विमान उडवतो : नाक किती वर, दिशा कोणती, वेग किती. दुसरा वाचतो, पाहतो आणि मोठ्याने सांगतो. त्या पहिल्या २० ते ३० सेकंदांत इंजिन पेटलेले असले तरी ते आपल्याला पाडत नाही. एका इंजिनावर वर चढत राहण्याइतकी ताकद विमानाकडे आहे, हे प्रमाणपत्र देतानाच तपासलेले असते. पाडतो तो घाईघाईने चुकीच्या खटक्यावर गेलेला हात.

ज्यांना हे पुस्तकी वाटेल त्यांनी तैपेईचा ४ फेब्रुवारी २०१५ चा अपघात आठवावा. ट्रान्सएशियाचे एटीआर ७२ विमान उडाल्यावर अर्ध्या-पाऊण मिनिटात त्याच्या उजव्या इंजिनाचा पंखा एका सदोष जोडणीमुळे आपोआप निष्क्रिय झाला. डावे इंजिन ठणठणीत होते. कॅप्टनने डाव्याचीच ताकद कमी केली आणि पुढे तेच बंद केले. चूक उमगली तेव्हा उंची उरली नव्हती. ५८ पैकी ४३ माणसे गेली.

याच कारणासाठी इंजिनाचा लिव्हर मागे घेण्याआधी किंवा आगीचा खटका ओढण्याआधी एकाने बोट ठेवून ‘क्रमांक दोन, खात्री करा’ म्हणायचे आणि दुसऱ्याने पाहून ‘खात्री केली’ म्हणेपर्यंत थांबायचे, अशी पद्धत आहे. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये परीक्षा होते तेव्हा परीक्षक सर्वांत जास्त लक्ष याच ठिकाणी ठेवतात. यात दोन-तीन सेकंद जातात, आणि ते जाऊ द्यायचे असतात.

गॅली_मागची

मी केबिन क्रूमध्ये सोळा वर्षे होते. कॉकपिटच्या दाराच्या या बाजूचे कोणी लिहीत नाही, म्हणून लिहिते.

८ जानेवारी १९८९ रोजी ब्रिटिश मिडलंडचे ७३७ इंग्लंडमधल्या केगवर्थ गावाजवळ पडले. ते विमान उडून सुमारे १३ मिनिटे झाली होती आणि ते २८,००० फुटांवर होते, त्यामुळे ‘लगेच’ या शब्दात ते बसेल की नाही हे धागाकर्त्यांनी ठरवावे. डाव्या इंजिनाच्या पंख्याचे पाते तुटले, कॉकपिटमध्ये धूर शिरला आणि वैमानिकांनी उजवे, म्हणजे चांगले इंजिन बंद केले. योगायोगाने धूर आणि थरथर कमी झाली, त्यामुळे आपण बरोबर केले असा त्यांचा समज झाला. ‘उजव्या इंजिनात बिघाड झाला होता, ते बंद केले आहे’ असे कॅप्टनने प्रवाशांना सांगितले. मागे बसलेल्या अनेकांनी डाव्या इंजिनातून ठिणग्या निघताना पाहिल्या होत्या. केबिन क्रूपैकी काहींनीही पाहिल्या होत्या. कॉकपिटपर्यंत ही गोष्ट कोणी नेली नाही. १२६ पैकी ४७ माणसे गेली.

कोणी का बोलले नाही, याचे उत्तर मला त्या नोकरीत राहून कळले. ‘त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असणार’ हा विचार इतका स्वाभाविक असतो की तो विचार आहे हेही लक्षात येत नाही. माझ्या पहिल्या प्रशिक्षणात हा अपघात आम्हाला दोन वेळा शिकवला होता. आता कॅप्टन मुख्य केबिन सदस्याला बोलावून चार गोष्टी सांगतात : काय झाले आहे, आपण काय करणार आहोत, हाताशी वेळ किती आहे आणि विशेष सूचना कोणत्या. ऐकणाऱ्याने त्या जशाच्या तशा परत म्हणून दाखवायच्या असतात. ते म्हणून दाखवताना ‘पण सर, ज्वाळा डावीकडे दिसल्या’ हे बोलण्याची जागा आपोआप तयार होते.

नवखा_वाचक

म्हणजे सगळे वैमानिक चेकलिस्ट वाचूनच वागतात का? मग हडसन नदीत विमान उतरवणाऱ्या कॅप्टन सलनबर्गर यांच्याकडे तेवढा वेळ कुठे होता?

उजवी_सीट

उत्तम प्रश्न. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून निघालेल्या त्या ३२० च्या दोन्ही इंजिनांत सुमारे २,८०० फुटांवर कॅनडा गीज जातीचे पक्षी शिरले. तिथून पाण्यावर उतरेपर्यंत २०८ सेकंद मिळाले. सहवैमानिक जेफ स्काइल्स यांनी दोन्ही इंजिने बंद पडल्यावर वाचायची चेकलिस्ट उघडली. ती तीन पानांची होती आणि विमान खूप उंचावर असेल असे गृहीत धरून लिहिली होती. ती पूर्ण होणे शक्यच नव्हते, आणि ती झालीही नाही. कॅप्टनने मात्र सुरुवातीलाच, चेकलिस्ट तिथे पोहोचण्याच्या आधी, शेपटीतले सहायक इंजिन चालू केले. त्यामुळे विमानाची वीज आणि नियंत्रणे शाबूत राहिली. नंतर अमेरिकी तपास यंत्रणेने या निर्णयाचे आवर्जून कौतुक केले, आणि कमी उंचीसाठी वेगळी चेकलिस्ट हवी अशी शिफारसही केली.

सिम्युलेटरवर असेही तपासले गेले की, पक्षी धडकताच त्या क्षणी विमान वळवले असते तर काही प्रयत्नांत ते लाग्वार्डियाला पोहोचत होते. पण परिस्थिती समजून निर्णय घेण्यासाठी ३५ सेकंद धरले, तर पोहोचत नव्हते. घरी बसून ‘परत फिरायला हवे होते’ म्हणणाऱ्यांनी हे ३५ सेकंद मोजून पाहावेत. चेकलिस्ट हे निर्णयाचे काम हलके करण्याचे साधन आहे. निर्णय मात्र माणसालाच घ्यावा लागतो.

खिडकीची_जागा

थोडे अवांतर वाटेल, पण विषयाला धरूनच आहे. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या ७३७ मध्ये उड्डाणानंतर लगेच हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेत बिघाड झाला आणि ते विमान दोन तासांहून अधिक काळ घिरट्या घालत राहिले. दूरचित्रवाणीवर तेव्हा जणू युद्ध सुरू होते. बिघाड झाला असेल तर ताबडतोब खाली का येत नाहीत?

पाना_पक्कड

कारण नुकतेच उडालेले विमान उतरण्यासाठी जड असते. एअरबस ३२० साधारण ७८ टन वजनाने उडू शकते, पण उतरण्याची नेहमीची मर्यादा ६६ टनांच्या आसपास आहे. मधला फरक मुख्यतः इंधनाचा. ७७७ किंवा ७४७ सारखी मोठी विमाने इंधन हवेत सोडू शकतात. ७३७ आणि ३२० मध्ये ती सोयच नाही, त्यामुळे फिरत राहून ते जाळावे लागते. आग किंवा आटोक्यात न येणारा धूर असेल तर कोणी वजन पाहत बसत नाही, जड विमानही सरळ उतरवतात आणि मग आमची मंडळी ते तपासतात. हायड्रॉलिकचा बिघाड असेल आणि बाकी यंत्रणा चालू असतील, तर घाई करण्यात शहाणपण नाही. ब्रेक किंवा फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) अर्धवट चालत असताना हलके विमानच धावपट्टीवर थांबते. त्या रात्री १४१ प्रवासी सुखरूप उतरले. बातमीतल्या दोन तासांचा थरार वैमानिकांच्या लेखी बहुधा दोन तासांचे हिशेबाचे काम असावे.

गॅली_मागची

मुंबईचेच आणखी एक उदाहरण नोंदवते. २० सप्टेंबर २०१८ रोजी जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या ७३७ मध्ये केबिनचा दाब राखण्यासाठी लागणारा खटका चालू करायचा राहिला. १६६ प्रवाशांपैकी सुमारे तीस जणांच्या नाका-कानांतून रक्त आले आणि विमान मुंबईला परतले. यंत्र बिघडलेच नव्हते, पण आत बसलेल्यांना तो बिघाडच वाटणार. २००५ साली सायप्रसहून निघालेल्या हेलिओसच्या ७३७ मध्ये दाबाचा खटका चुकीच्या जागी राहिला होता. त्या विमानात दाब कमी झाल्याचा भोंगा आणि जमिनीवर उड्डाणाची तयारी अपुरी असल्याचा भोंगा, दोन्हींचा आवाज एकच होता. वैमानिकांनी तो दुसरा समजला, आणि ऑक्सिजन कमी होत गेला तसा विचार करणेही थांबले. १२१ माणसे गेली. एकाच आवाजाचे दोन अर्थ ठेवणाऱ्याला काय म्हणावे, हे मी सभ्य भाषेत लिहू शकत नाही.

उजवी_सीट

आवाजाचा विषय निघालाच आहे तर उलट टोकाचे उदाहरण द्यायलाच हवे, आणि ते सविस्तर द्यावे लागेल. ४ नोव्हेंबर २०१० रोजी सिंगापूरहून सिडनीला निघालेल्या क्वांटासच्या एअरबस ३८० चे दुसऱ्या क्रमांकाचे इंजिन सुमारे ७,००० फुटांवर, इंडोनेशियाच्या बाटम बेटावर असताना फुटले. तेल वाहून नेणाऱ्या एका छोट्या नळीला आतून केलेले भोक केंद्रापासून सरकलेले होते. त्यामुळे नळीची भिंत एका बाजूला पातळ राहिली, तिला तडा गेला, तेल गळून पेटले आणि टर्बाइनची तबकडी सुटून तिचे तुकडे पंख भेदून गेले. तारा तुटल्या, इंधन गळू लागले, हायड्रॉलिक गेले, ब्रेक अर्धवट राहिले. विमानात ४६९ माणसे होती.

पडद्यावर एकामागून एक इशारे येत राहिले. योगायोगाने त्या दिवशी तपासणीसाठी कॉकपिटमध्ये एकूण पाच वैमानिक होते, तरीही ते सगळे इशारे निस्तरायला सुमारे ५० मिनिटे लागली. कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी यांनी पुढे सांगितले आहे की, एका टप्प्यावर त्यांनी प्रश्नच उलटा केला : काय काय बिघडले आहे हे मोजणे सोडून, काय काय अजून चालते आहे हे मोजायला घेतले. त्यात मोठे शहाणपण आहे असे मला वाटते, कारण उडण्यासाठी जे लागते तेवढे शिल्लक आहे का, एवढाच प्रश्न मग उरतो.

उतरण्याचा हिशेब केला तेव्हा संगणकाने आधी धावपट्टी पुरणार नाही असे सांगितले; आकडे पुन्हा तपासून घातल्यावर १०० मीटर उरतील असे उत्तर आले. विमान शेवटापासून सुमारे १५० मीटर आधी थांबले. पण खरी कसोटी थांबल्यावर होती. डाव्या पंखातून इंधन गळत होते, ब्रेक तापून लाल झाले होते, आणि पहिले इंजिन बंदच होत नव्हते. ते पुढे सुमारे तीन तास चालू राहिले. अशा वेळी ‘बाहेर पडा’ हा आदेश देऊन सगळ्यांना घसरगुंड्यांवरून उतरवावे, असा मोह कोणालाही होईल. कॅप्टनने तो आवरला, अग्निशामक दलाला इंधनावर फेस मारू दिला आणि प्रवाशांना उजव्या बाजूच्या जिन्याने शांतपणे उतरवले. कोणालाही इजा झाली नाही.

सागरतीर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. एक प्रश्न राहतो. १९७८ मध्ये सहवैमानिकाला आपली तबकडी बरोबर आहे हे ठामपणे सांगता आले नाही आणि १९९९ मध्ये दुसऱ्या सहवैमानिकाने तोंडच उघडले नाही. उजवी_सीट, आज तुमच्या जागी बसलेल्या माणसाला नेमका किती अधिकार आहे?

उजवी_सीट

आमच्याकडे शब्द ठरलेले आहेत. कल मर्यादेबाहेर गेला की मी ‘बँक’ म्हणायचे. उत्तर आले नाही किंवा दुरुस्ती झाली नाही, तर पुन्हा म्हणायचे. दुसऱ्यांदाही काही झाले नाही, तर समोरचा माणूस भानावर नाही असे समजून ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणायचे आणि विमान हातात घ्यायचे, मग शेजारी कितीही हजार तासांचा अनुभव बसलेला असो. माझ्या गेल्या परीक्षेत परीक्षकाने कॅप्टनला आधीच गुपचूप सांगून ठेवले होते की उड्डाणानंतर वळणात उत्तर द्यायचे नाही. पडद्यावर रात्र होती, खाली समुद्र होता. मी दोनदा बोललो आणि तिसऱ्या वेळी काठी हातात घेतली. नंतर परीक्षकाने नोंदीत लिहिले की, पहिल्या आणि दुसऱ्या हाकेत मी चार सेकंद घालवले, ती दोनवर आली पाहिजेत.